खुलासा : हात लागला म्हणजे पास इंटरफिअरन्स नव्हे

अमेरिकन फुटबॉलमध्ये पास हवेत असताना तो पकडू पाहणाऱ्याला नियमबाह्य अडवणे म्हणजे पास इंटरफिअरन्स. ‘पास हवेत असताना बचावपटूचा रिसीव्हरला (पास झेलणाऱ्या खेळाडूला) हात लागला की फाउल’ हे विधान सध्या फिरते आहे. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या नियमानुसार ते चूक आहे. फाउल ठरण्यासाठी त्या स्पर्शामुळे समोरच्याची चेंडू पकडण्याची संधी लक्षणीयरीत्या हिरावली जायला हवी. दोघेही चेंडूसाठी झेपावले आणि अंगाला अंग लागले, तर फाउल नाही; चेंडूवर दोघांचाही सारखाच हक्क असतो, हेच लोक विसरतात. पास मुळात हाती येण्याजोगा नसेल किंवा चेंडूला आधीच कुणाचा स्पर्श झाला असेल, तरीही नाही. पास सुटण्याआधी, खेळी सुरू होते त्या रेषेपासून 5 यार्डांपलीकडे रिसीव्हरला अडवणे हा वेगळा गुन्हा, शिक्षाही वेगळी.

खरा फाउल कसा दिसतो? 20 जानेवारी 2019, एनएफएलमधला सेंट्स विरुद्ध रॅम्स सामना. रॅम्सचा बचावपटू रोबी-कोलमनने चेंडूकडे न बघता, चेंडू पोहोचण्याआधीच सेंट्सचा रिसीव्हर टॉमीली लुईसला धडक दिली. पंचांनी फाउलची खूण असलेला फ्लॅग टाकलाच नाही! माझ्या मते तो अन्यायच होता. त्यानंतर 2019 च्या हंगामापुरती असे निर्णय रिप्ले पाहून तपासण्याची मुभा मिळाली.

बचावपटूच्या फाउलची शिक्षा सरसकट 15 यार्ड, हेही खरे नाही. एनएफएलमध्ये चेंडू फाउलच्या जागी ठेवतात. खेळी सुरू झालेल्या रेषेपासून 40 यार्ड पुढे घडला, तर 40 यार्ड.