गाठ वर की खाली?

दर जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: "१५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवायचा, २६ जानेवारीला वरच बांधून नुसता उघडायचा. उलट केलं तर तीन वर्षं कैद." मग सेक्रेटरी वॉचमनला पुन्हा खांबापाशी पिटाळतात.

२००२ च्या ध्वजसंहितेत दोन दिवसांच्या दोन रीती नाहीत. झेंडा झपकन चढवावा, सावकाश उतरवावा, एवढंच. आत पाकळ्या ठेवून उघडायची मुभा देणाऱ्या कलमात तर प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन एका दमात घेतलेत. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे १९७१ च्या कायद्यात, ती अपमानासाठी: जाळणं, फाडणं, मुद्दाम केशरी पट्टा खाली करून लावणं. गाठीचा तिथे काही संबंध नाही.

जोडीला दिलेला इतिहासही ढिलाच. "१५ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावर इंग्रजांचा झेंडा उतरवून आपला चढवला" म्हणे. नेहरूंनी लाल किल्ल्यावर तिरंगा फडकवला तो १६ ऑगस्टला. "तेव्हा राष्ट्रपती नव्हते, म्हणून १५ ऑगस्टचा झेंडा पंतप्रधान चढवतात" हे खरं. पण राज्यांत हा मान मुख्यमंत्र्यांकडे आला तो १९७४ पासून, तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधींनी आग्रह धरल्यावर. तोवर राज्यपालच. आणि "२६ जानेवारीला घटना तयार झाली" हे साफ चूक. घटना २६ नोव्हेंबर १९४९ लाच स्वीकारली होती. पूर्ण लागू करायला दोन महिने थांबले, कारण २६ जानेवारी १९३० ला देशभर पूर्ण स्वराज्याची शपथ घेऊन स्वातंत्र्यदिन पाळला गेला होता. ती तारीख वाया जाऊ द्यायची नव्हती.

मेसेजच्या शेपटीला "खादीच हवी, सूर्यास्तापूर्वी उतरवा" असतं. पॉलिस्टर डिसेंबर २०२१ पासून चालतं, घरावर रात्री झेंडा ठेवणं जुलै २०२२ पासून.

काळजी करायचीच तर गाठीच्या जातीची करा. ऐन वेळी हिसडे देऊनही झेंडा उघडत नाही, तेव्हा बहुधा सुरगाठीऐवजी निरगाठ बसलेली असते. दुसरं कारण पाऊस. आदल्या रात्री बांधून ठेवलेलं कापड ऑगस्टच्या भुरभुरीत भिजतं, झेंडूच्या पाकळ्या आत चिकटतात आणि उघडल्यावर ओला गोळा लोंबतो. मूठभर सुक्या पाकळ्या घ्या, सकाळीच बांधा. केशरी कड वरच्या दोरीला आहे ना, ते घडी घालण्याआधी बघा. घडीत ते कळत नाही. आणि पाहुणे यायच्या आत एकदा ओढून पाहा.