रात्री दोन वाजता हाक कुणाला मारायची?

नमस्कार ताई,

इंग्लंडमधल्या स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षं ठेवू नये, असं मी लिहिलं. त्यावर तुम्ही विचारलंत, की रात्री दोन वाजता भाचा भिंतीवर डोकं आपटायला लागला तर वहिनीने हाक कुणाला मारायची? इस्पितळात निदान तो सुरक्षित तरी राहील. वहिनींचे हाल तुम्ही रोज बघताय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सुरक्षिततेचं. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी इस्पितळात रुग्णांना होणारी मारहाण 2011 मध्ये बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने दाखवली. एकेका रुग्णामागे आठवड्याला सरासरी 3,500 पौंड मोजले जात होते. 11 कर्मचाऱ्यांनी गुन्हा कबूल केला, सहा जण तुरुंगात गेले. अशा इस्पितळांत नाहक अडकलेले सगळे जून 2014 पर्यंत बाहेर येतील, असा शब्द सरकारने दिला. आले नाहीत. मग मार्च 2024 पर्यंत संख्या 2015च्या निम्म्यावर आणायचं ठरलं. तेही हुकलं. आजही सुमारे 2,000 माणसं आत आहेत.

इथे मात्र तुमचं खरं आहे. बाहेर योग्य घर नाही, शिकलेला मदतनीस नाही. इस्पितळातल्या खाटेचा खर्च एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा उचलते, बाहेरच्या सांभाळाचा बराचसा भार कौन्सिलवर, म्हणजे स्थानिक पालिकेवर येतो. त्या घोळात माणूस आतच राहतो. वॉर्डातले झगझगीत दिवे, अलार्म, रोज बदलणारे चेहरे यांनी तो बिथरतो, आणि बिथरला की घरी सोडण्याचं पुन्हा लांबतं.

मी काम करते त्या घरात सात वर्षं वॉर्डात काढलेला एक जण राहतो. सुरुवातीला तो फ्रीजसमोर नुसता उभा राहायचा आणि आमच्याकडे बघायचा. विचारल्याशिवाय काही उघडायचं नाही, हे अंगात मुरलेलं. आता स्वतः दूध काढतो, सांडलं तर फडकं आणतो. डोकं तोही आपटतो, ताई, रात्री दोनलाच. आम्ही दिवा मालवतो, बोलणं बंद करतो, भिंतीला उशी लावून धरतो. कधी वीस मिनिटं, कधी तासभर. पण रात्रभर जागा असणारा, पगारी, त्याला ओळखणारा माणूस घरात असतो.

तसा माणूस वहिनींच्या घरी यायला हवा, एवढंच मी मागते आहे. तो येईपर्यंत त्यांनी लेकाला इस्पितळात नेलं, तर मी त्यांना बोल लावणार नाही.