‘एक्स-८६वर डेटा रेस चालून जाते’ म्हणणाऱ्यांना

लिनक्स कर्नलवर, म्हणजे त्या सिस्टीमच्या गाभ्यावर, काम करणाऱ्यांत एक मजकूर वरचेवर फिरत असतो. त्याचं म्हणणं असं: एक्स-८६वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर) नीट अलाइन केलेला, म्हणजे मेमरीत योग्य पत्त्यावर बसवलेला, इंट (पूर्णांक) एका दमात वाचला-लिहिला जातो, म्हणून प्रोसेसरचा एक कोअर लिहीत असताना दुसऱ्याने लॉकशिवाय वाचलं (हीच डेटा रेस) तरी बिघडत नाही. अशा रेस पकडणाऱ्या केसीसॅन या कर्नलमधल्या साधनाचे रिपोर्ट म्हणजे नुसती कटकट. आणि फारच झालं तर रीड-वन्स, म्हणजे कंपायलरला खरोखर एकदा वाचायला लावणारा मॅक्रो, ठोकून मोकळं व्हा. यातलं पहिलं विधान अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त पसरतं.

प्रोसेसरबद्दल सांगितलंय ते बरोबर. पण तुमचा सी कोड प्रोसेसरपर्यंत जसाच्या तसा पोचतच नाही, मध्ये त्याच्या मशीनच्या सूचना बनवणारा कंपायलर बसलाय. साधं उदाहरण घ्या: ‘डन’ नावाचा ग्लोबल इंट, आणि तो शून्य असेतो फिरणारा रिकामा व्हाइल लूप. ओ-टू या ऑप्टिमायझेशन पातळीवर जीसीसी या कंपायलरने काय केलं ते डिसअसेंब्लीत, म्हणजे तयार झालेल्या सूचनांत, बघा. ‘डन’ एकदा वाचला, तपासला आणि शून्य निघाल्यावर पुढे उरली एकच सूचना: स्वतःवरच उडी. ‘ईबी एफई’, दोन बाइट. दुसऱ्या कोअरने ‘डन’मध्ये कितीही अ‍ॅटॉमिकपणे १ लिहिला तरी हा कोअर तिकडे परत बघणारच नाही. कंपायलरचं यात काही चुकलेलं नाही. ही किंमत बाहेरून कोणी बदलेल असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ‘आमच्या लूपमध्ये सीपीयू-रिलॅक्स (वाट बघताना प्रोसेसरला जरा दम खायला लावणारा कॉल) आहे, आमचं चालतं,’ असं कोणी म्हणेल. चालतं, कारण त्याच्या पोटात कंपायलरला अडवणारा, मेमरी पुन्हा वाचायला लावणारा बॅरिअर आहे. अलाइनमेंटचा त्यात काडीचा संबंध नाही. ऑप्टिमायझेशन बंद करावं म्हणाल, तर ओ-झीरोवर कर्नल बांधताच येत नाही.

बरं, कंपायलर सोडा. एक्स-८६वरच काउंटर १ने वाढवायचा आहे आणि कंपायलरने त्यासाठी मेमरीवर थेट एकच ‘इंक’ सूचना काढली आहे असं धरू. सूचनेला लॉक प्रीफिक्स (ती अखंड करणारी खूण) नसेल तर आतून तेही वाचणं, वाढवणं, परत लिहिणं असंच असतं. दोन कोअरनी ४१ वाचला, दोघांनी ४२ लिहिला, एक वाढ गेली. आकडेवारीच्या काउंटरमध्ये हे खपून जाईल. तोच रेफरन्स काउंट (एखादी गोष्ट कितीजण वापरताहेत त्याचा आकडा) असेल तर कोणीतरी वापरत असलेली मेमरी मोकळी केली जाते. रिफकाउंट-टी हा वेगळा प्रकार २०१७ मध्ये ४.११ कर्नलमध्ये आला तो हौस म्हणून नव्हे. तो अ‍ॅटॉमिक तर आहेच, शिवाय काउंट ओव्हरफ्लो होऊन शून्यावर यायला लागला तर अडवतो. आणि आर्मवर, म्हणजे बहुतेक सगळ्या फोनवर, एक्स-८६वर वाचन-लेखनाच्या क्रमाची जी हमी असते तीसुद्धा मिळत नाही.

आता कटकटीचं. केसीसॅन मुख्य कर्नलमध्ये ५.८ला, २०२० मध्ये आलं. त्याची पद्धत बघितली तर ‘खोटे रिपोर्ट’ हा आरोप जरा विनोदी वाटतो. कंपायलर मेमरीच्या प्रत्येक साध्या वापराआधी एक कॉल पेरतो. साधारण ४००० वापरांतून एकदा त्या पत्त्यावर पाळत बसते, आणि तो कोअर मुद्दाम थांबवला जातो: टास्कमध्ये ८० मायक्रोसेकंद, इंटरप्टमध्ये २०. तेवढ्यात दुसरा कोअर तिथेच आला तर दोघांचे स्टॅक ट्रेस (कोणत्या फंक्शनांतून तिथे पोचले ती साखळी) एका रिपोर्टमध्ये छापले जातात. म्हणजे चोर मुद्देमालासकट सापडतो. लॉक कोणते घेतले होते यावरून बांधलेला तर्क इथे नसतो.

गंमत पुढेच आहे. मजकुरातली पहिली सवलत केसीसॅन आधीच देऊन बसलंय! वर्डएवढ्या अलाइन केलेल्या साध्या लेखनाला ते मुळात अ‍ॅटॉमिक धरतं, आणि किंमत बदलली नाही असं दिसलं तर बहुतेक वेळा गप्प बसतं. दोन्ही कॉन्फिग पर्याय सुरुवातीपासून चालू असतात. कटकट गाळूनच रिपोर्ट येतो. तरी आला, तर त्याकडे दुर्लक्ष करायला कारण हवं.

उलट तक्रार करायची तर ती रिपोर्ट न येण्याची करा. हे सगळं नमुन्यावर चालतं, तेव्हा रिपोर्ट शून्य म्हणजे रेस शून्य असं होत नाही. शिवाय डेटा रेस नसतानाही रेस कंडिशन, म्हणजे कोण आधी पोचतो यावर निकाल ठरण्याचा दोष, असू शकते. डर्टी काऊ हा सुरक्षेचा दोष २००७च्या २.६.२२ पासून कर्नलमध्ये होता, दुरुस्त झाला ऑक्टोबर २०१६ मध्ये. एक थ्रेड प्रोक-सेल्फ-मेम या फाइलमधून स्वतःच्याच मेमरीत लिहितो, दुसरा एमअ‍ॅडव्हाइजने कर्नलला मेमरीचं तेच पान फेकायला लावतो. गोची होती ती दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत. असल्या फटीवर केसीसॅन आपणहून बोट ठेवत नाही.

म्हणूनच रीड-वन्सचा तो सल्ला मला सगळ्यात वाईट वाटतो. तेच काउंटर रीड-वन्सने वाचून, एक मिळवून, लिहिण्यासाठीच्या त्याच्या जोडीदाराने, राइट-वन्सने, लिहा. केसीसॅन गप्प होईल आणि ४२चा घोळ जागच्या जागी राहील. खरंच लॉकशिवाय वाचायचं असेल, तर ते का चालतं हे शेजारी कॉमेंटमध्ये लिहा. नुसत्या डीबग छपाईसाठी, रेस मुद्दाम ठेवलीय असं सांगणारा डेटा-रेस मॅक्रो आहे. आणि लिहिणारा एकच असायला हवा अशी तुमची खात्री असेल, तर केसीसॅनची असर्ट-एक्सक्लुझिव्ह-रायटर ही तपासणी लावून बघा. मग दुसऱ्याने राइट-वन्सने लिहिलं तरी रिपोर्ट येतो.