शेतकरी नेता व्हायचंय? आधी सातबारा काढा

पुण्यात राहून पंतप्रधान होता येत नाही असं कोणीतरी उगाच पसरवून ठेवलंय. होता येतं हो, फक्त लोक सुरुवातच चुकीची करतात. सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहून सहा सहा वर्षं स्पर्धा परीक्षा देतात, डोळ्यांचा नंबर वाढवून घेतात आणि मग परत गावी. ते सगळं सोडा. गावच्या चुलत्याला फोन लावा आणि आजोबांच्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढलंय का तेवढं विचारा. चढलं असेल तर झालात तुम्ही शेतकरी, नांगर कुठल्या बाजूने धरतात हे माहीत असायची काही गरज नाही. नाव नसेल तर मात्र अवघड आहे, कारण महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन सहजासहजी घेताच येत नाही, म्हणजे या धंद्यात शिरायला माणूस आधीपासून त्यातच असावा लागतो. राजकारणातही साधारण तसंच असतं म्हणा, म्हणून तर दोन्हीचं इतकं जमतं.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, मुळशीत त्यांची वीस गुंठे. भात लावतो कोणी दुसराच, काढतो तोच, आणि काका डिसेंबरात पाच किलो इंद्रायणी घेऊन येतात आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतात, "यंदा पावसाने हाल केले हो आमचे." ही तुमची पहिली पायरी. चेहरा नीट बघून ठेवा, आणि शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसतो हे लक्षात ठेवून अजून थोडा पाडा.

पुढच्या अभ्यासाला एक माजी पंतप्रधान देवेगौडा केले तरी पुरे. कर्नाटकात हासन जिल्ह्यातलं हरदनहळ्ळी, जन्म 1933 चा, घर शेतकऱ्याचं आणि ते खरोखरचं, त्यात काही बनाव नाही. शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा, पण देशाला त्यांची ओळख काय, तर गरीब शेतकरी. इथे शिकायचं की डिप्लोमा कपाटात आणि माती कपड्यावर. 1962 ला अपक्ष आमदार झाले, मग बरीच वर्षं विरोधात, मग पाटबंधारे खातं, आणि 1987 मध्ये सिंचनाला पैसे कमी दिले म्हणून मंत्रिपद सोडलं. हा भाग मात्र कॉपी करू नका. सिंचनाला पैसे कमी मिळाले म्हणून राजीनामा, आपल्याकडे हे ऐकून लोक तुम्हालाच डॉक्टरला दाखवतील.

मुख्य धडा 1996 चा. वाजपेयींचं सरकार तेरा दिवसांत गेलं, व्ही. पी. सिंग नको म्हणाले, ज्योती बसूंना त्यांच्या पक्षानेच जाऊ दिलं नाही, आणि फिरत फिरत खुर्ची आली बंगळुरात मुख्यमंत्री असलेल्या देवेगौडांकडे. त्यांच्या जनता दलाचे खासदार 46. स्वतः तर खासदारही नव्हते, नंतर राज्यसभेतून आले. म्हणजे बघा, लक्ष्मी रोडला पार्किंग मिळतं ना तसंच, फिरत राहायचं, कोणीतरी गाडी काढतंच. मीटिंगमध्ये डोळे मिटलेले त्यांचे फोटो खूप गाजले, पण दुपारी एक ते चारचा विषय पुणेकराला काय शिकवायचा, त्यात आपण आधीच पीएचडी.

आता त्या खुर्चीचं सांगतो. 1 जूनला शपथ आणि 21 एप्रिलला घरी, 324 दिवस. आपल्याकडे आयटीतल्या पोराला फ्लॅट देतात तेसुद्धा अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर, इथे तेवढंही पुरं झालं नाही. घरमालक काँग्रेस, बाहेरून पाठिंबा, आणि बाहेरून पाठिंबा म्हणजे डुप्लिकेट किल्ली त्यांच्याकडे. चरणसिंगांना हाच घरमालक 1979 ला भेटला होता, 28 जुलैला शपथ आणि 20 ऑगस्टला राजीनामा, पंतप्रधान म्हणून संसदेला सामोरं जायची वेळच आली नाही. पण नाव बघा किती टिकलं, 23 डिसेंबर, त्यांचा वाढदिवस, म्हणजे राष्ट्रीय शेतकरी दिन. खुर्ची तेवीस दिवसांत सुटली तरी शेतकरी हे पद जन्मभर सुटत नाही. या पदाला राजीनामा नसतो, वयाची अट नसते, आणि मुख्य म्हणजे पाऊस लागत नाही.

घरच्यांचंही बघायला हवं. शेतीचं कसं, वाटण्या होऊन होऊन गुंठ्यावर येते. पक्ष मात्र वाटल्यावर वाढतो. देवेगौडांचा एक मुलगा मंत्री झाला, दुसरा दोनदा मुख्यमंत्री, एकदा भाजपसोबत आणि एकदा काँग्रेससोबत, दुसऱ्या वेळी आमदार 37. त्यांच्या आताच्या पक्षाचं नाव जनता दल (सेक्युलर), त्यातलं सेक्युलर काढायची गरज नाही, सातबाऱ्यावर पण मेलेल्या माणसांची नावं असतातच की वर्षानुवर्षं. 2019 ला हासनची जागा नातवाला दिली, स्वतः तुमकुरूला गेले आणि पडले. आजोबाने बांध सोडला तरी पीक येतंच असं नाही, पण राज्यसभा आहे ना, ती आपली बारमाही बागायत. आणि पक्षाचं चिन्ह काय, तर डोक्यावर भारा घेतलेली शेतकरी बाई. भारा बाईकडे, तिकिटं घरात, यापेक्षा प्रामाणिक चिन्ह मी तरी पाहिलेलं नाही.

आता फक्त फोटो राहिला. त्यासाठी पहाटे चारला गुलटेकडीला मार्केट यार्डात जा, नवीन कुर्ता घालून, फोटोग्राफर घेऊन. पालेभाज्यांच्या बाजूला पुरंदरकडून आलेला एखादा माणूस असतो, रात्रभर जागा, कोथिंबिरीच्या जुड्या टेम्पोत, शेकड्याला काय भाव निघतो याची वाट बघत. हातात कालच्या मालाची पट्टी असते. वाचून बघा, हमाली, मोटारभाडं, आणि सगळं वजा जाऊन खाली जो आकडा उरतो त्यात तुमच्या कुर्त्याची इस्त्रीही होणार नाही. पट्टी परत द्या, दोन जुड्या उचला, छातीशी धरा आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणा, मी पण शेतकऱ्याचाच मुलगा.

तो मागून म्हणेल, "साहेब, जरा बाजूला व्हा, टेम्पो मागं घ्यायचाय."