शंभर मीटरचा मेंढा आणि खरेदीची यादी

अमेरिकेतल्या मराठी मित्रमंडळींत गेले काही महिने एक संदेश फिरतोय. .22 च्या, म्हणजे लहान काडतुसाच्या रायफलीने लोखंडी सिल्हुएट, म्हणजे जनावरांच्या आकाराच्या आकृत्या, पाडायचा खेळ सुरू करायचा असेल, तर काय घ्यावं याची ती यादी आहे. मजकूर थोडक्यात असा: बॅरल जितकं जाड तितका नेम स्थिर. गोळी जितकी वेगवान तितकी ती वाऱ्याला दाद देत नाही. स्कोप, म्हणजे रायफलीवरची दुर्बीण, 24 पटींच्या खाली घेऊच नये. आणि परवडत असेल तर सरळ ऑलिंपिकवाल्यांची रायफल घ्यावी, कारण आपल्या स्वप्नील कुसाळेने पदक तसल्याच रायफलीवर मिळवलं. शेवटी तंबी: ‘यापेक्षा कमी घेतलंत तर शंभर मीटरवरचा मेंढा हलणारसुद्धा नाही.’

लिहिणाऱ्याने मेंढा पाहिला असेल. उभं राहून त्याच्यावर चाळीस गोळ्यांची फेरी पुरी केली असेल, असं मात्र वाटत नाही.

खेळ मूळचा मेक्सिकोचा. जिवंत जनावरांऐवजी लोखंडी आकृत्या ठेवण्याची पद्धत तिथे 1948 च्या सुमारास रुळली. मोठ्या रायफलींना अंतरं 200 ते 500 मीटर. .22 साठी आकृत्या एक-पंचमांश आकाराच्या: 40 मीटरवर कोंबडी, 60 वर रानडुक्कर, 77 वर टर्की, 100 वर मेंढा. पाच-पाचची रांग, डावीकडून क्रमाने, पाच गोळ्यांना अडीच मिनिटं. नुसती लागून भागत नाही, आकृती आडवी व्हावी लागते. आणि हे सगळं उभ्याने. टेकू नाही, पट्टा नाही, जाडजूड शूटिंग जाकीट नाही. यादी करणारा नेमकं हेच विसरला.

कुसाळेचं नाव आलंय, म्हणून आधी तेच घेऊ. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या या पोराने 1 ऑगस्ट 2024 ला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) 451.4 गुणांसह कांस्य घेतलं, तेव्हा मीही इथे घरात ओरडलो होतो. काडतूसही तेच, .22 लाँग रायफल. पण साम्य तिथेच संपतं. त्या प्रकारात रायफल 8 किलोपर्यंत चालते. सिल्हुएटच्या स्टँडर्ड वर्गात साइटसकट (नेम धरायच्या साधनासकट) मर्यादा 10 पौंड 2 औंस, म्हणजे साधारण 4.6 किलो, हंटर वर्गात साडेआठ पौंड, म्हणजे पावणेचार किलोच्या थोडं वर. ऑलिंपिकवाली रायफल इथे वजनकाट्यावरच बाद होईल. शिवाय तिच्यावर स्कोप नसते, डायॉप्टर, म्हणजे डोळ्याजवळचं बारीक भोकाचं साइट असतं: त्यातून बघत पुढच्या साइटच्या कड्यात लक्ष्याचा काळा गोल बरोब्बर मधोमध बसवायचा. पांढऱ्यावरच्या काळ्या गोलासाठी त्याहून सुंदर व्यवस्था नाही. टर्कीला मान आहे, शेपटी आहे, ती कड्यात मधोमध बसवायची म्हणजे नेमकी कुठे? उघड्या साइटची हौस असेल तर लिव्हर-अॅक्शनचा (खालचा दांडा ओढून काडतूस भरायच्या रायफलींचा) काउबॉय वर्ग वेगळा आहे. तिथे दुर्बीण चालतच नाही.

जाड बॅरलचा मुद्दा अर्धा खरा आहे. वजन पुढे असलं की नळी संथ डोलते, हे मान्य. मीही पहिल्या वर्षी याच सल्ल्याने उसासारखं जाड बॅरल घेतलं होतं. पहिल्या दहा गोळ्या झकास गेल्या. तिसाव्या गोळीला डावा हात थरथरायला लागला, आणि माझे मेंढे तर शेवटी होते! बॅरलमध्ये घातलेलं वजन मर्यादेतून वजा होतं. मग स्कोप हलकी बघा, दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) तासून घ्या. रायफल घेताना ती खांद्याला लावून डोळे मिटावेत, मग उघडावेत. डोळा मान न वाकवता स्कोपमागे आला, तर दस्ता तुमच्या मापाचा. गालाखालचा भाग बुटका असेल तर मान दर वेळी वेगळी टेकते, आणि ती चूक कुठलंच बॅरल भरून काढत नाही.

आता गोळी. संदेशातली सगळ्यात पटणारी आणि सगळ्यात चुकीची गोष्ट हीच. वेगवान गोळी लवकर पोहोचते, म्हणजे वाऱ्याला वेळ कमी मिळतो, असं कुणालाही वाटेल. पण वारा गोळीला किती ढकलणार, हे प्रवासाच्या एकूण वेळेवर ठरत नाही. हवेच्या रोधामुळे गोळीला जो उशीर होतो, त्यावर ते ठरतं. साध्या ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’ काडतुसाची गोळी सेकंदाला सुमारे 325 मीटरने निघते, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या जरा खाली. ‘हाय व्हेलॉसिटी’ची निघते सुमारे 380 ने, ध्वनीच्या वर. नेमका त्याच पट्ट्यात हवेचा रोध एकदम चढतो. वेगवान गोळी आपल्या जादा वेगातला बराचसा भाग वाटेतच उधळते, तिला उशीर जास्त होतो, आणि शंभर मीटरवर आडव्या वाऱ्यात ती संथ गोळीपेक्षा जास्त सरकते.

मग मेंढा पाडायला जोर तरी जास्त मिळतो का? 40 ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) दोन्ही गोळ्यांचा तिथवरचा धक्का तोलला तर फरक दहा टक्क्यांच्या आसपास भरतो. मेंढ्याच्या पाठीच्या रेषेशी लागलेली संथ गोळी त्याला उलथवते, खुराशी लागलेली वेगवान गोळी नुसता टणत्कार करते. पैसे वेगावर घालवण्यापेक्षा चार-पाच जातींची एकेक डबी घ्यावी, बाकावर टेकवून शंभर मीटरवर ग्रुप, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ लागतात ते, बघावा, आणि आपल्या नळीला मानवलेल्या जातीचा तोच लॉट (एकाच वेळी बनलेला माल) एकगठ्ठा घ्यावा. एकाच कारखान्याच्या दोन रायफलींची आवड वेगळी निघते.

स्कोपची पट. अनुभवी मंडळी 20-24 पटींवर मारतात, हे खरंच आहे. नवख्याला मात्र त्या काचेत स्वतःची थरथर तेवढी दिसते. क्रॉसहेअर, म्हणजे काचेतली नेमाची फुली, कोंबडीवरून गेला की तो ट्रिगर हिसकतो. आधी 10-12 पटींवर ठेवावं. खरी गंमत बुरुजांत आहे, म्हणजे वरच्या आणि बाजूच्या फिरत्या खुंट्यांत. 40 मीटरवर जुळवलेली स्कोप 100 मीटरला न्यायची तर स्टँडर्ड गोळीला सुमारे 9-10 मिनिटं (वेळेची नव्हे, कोनाची; अंशाचा साठावा भाग) वर चढवावी लागते. खुंटीची एकेक क्लिक पाव मिनिटाची असेल तर 35 ते 40 क्लिक. आणि पुढच्या कोंबडीच्या फेरीला तेवढ्याच खाली. दर वेळी त्याच जागी परत येणारी खुंटी हवी. दुसरं, पॅरॅलॅक्स (डोळा हलला की फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसणं) अंतराप्रमाणे जुळवता येणारी स्कोप हवी, कारण 40 आणि 100 या दोन्ही ठिकाणी एकच ठरीव काच नीट बसत नाही. या दोन गोष्टी असलेली 16 पटींची स्कोप, नसलेल्या 32 पटींच्या स्कोपपेक्षा जास्त आकृत्या पाडेल.

राहिली रायफल. अॅनशुट्झ 1712 हातात घेतली की खाली ठेववत नाही, खोटं कशाला बोलू. पण सीझेड 457 किंवा सॅव्हेज मार्क टू घेऊन त्याच रांगेत उभे राहणारे भरपूर असतात. पैसे उरले तर आधी ट्रिगर सुधारून घ्या: हलका, पण कुरकुर न करता सुटणारा. हंटर वर्गात तो दोन पौंडांखाली चालत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आणि ती मेंढ्याची तंबी. मेंढा चौघांत लांबचा खरा, पण अंगाने मोठाही आहे. फेरी संपल्यावर रांगेत कोण उभं राहिलंय ते कुठल्याही रविवारी जाऊन बघावं. 77 मीटरवरची टर्की असते, उंच आणि अंगाने अरुंद. संदेशात तिचं नावसुद्धा नाही.