गाणाऱ्याचा आवाज गाडून कसला डोंबलाचा लाइव्ह शो?

इंडी पॉपचा जीव शब्दांत असतो. चार साधे कॉर्ड, बेतास बात ताल आणि त्यावर कुणीतरी मनापासून लिहिलेल्या ओळी. त्याच ओळी छोट्या क्लबात ऐकू येत नाहीत. शे-सव्वाशे माणसं तिकीट काढून उभी असतात आणि त्यांच्या वाट्याला येतो झांजांचा खणखणाट, बेसची घरघर आणि माइकसमोर नुसतं हलणारं तोंड. दुसऱ्या कडव्याला लोक आपसात बोलायला लागतात, मग बँड चिडतो की यांना ऐकायचंच नाही. अहो, ऐकू तर येऊ द्या!

यावर प्रत्येक वेळी तोडगा एकच: ‘व्होकल वाढव.’ डोकं फिरतं ते इथेच. दोन गाण्यांच्या मधे गायक बोलतो तेव्हा शब्दन् शब्द कळतो ना? माइक तोच, स्पीकर तेच. मग गाणं सुरू झालं की काय बिघडतं? नडतो तो स्टेजवरचा गोंगाट. ड्रमसेटला माइक लावला नाही तरी छोट्या खोलीत तो सहज 100 डेसिबलच्या घरात जातो. गायकाला त्याच्या वर काढायचं तर फेडर (मिक्सरवरची आवाज वाढवायची सरकपट्टी) रेटावा लागतो, आणि तो रेटला की स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून माइक शिट्टी मारतो. मिक्सरवर बसलेल्याने कितीही जीव काढला तरी स्टेजवरचा ड्रम त्याला कमी करता येत नाही. तो ड्रमरनेच कमी करायचा असतो. हलक्या काड्या घ्या, रॉड्स (बारीक काड्यांच्या जुड्या) घ्या, क्रॅशवर, म्हणजे त्या मोठ्या झांजेवर, हात आवरा.

गिटारवाल्यांचं तर काय सांगावं! अ‍ॅम्प (गिटारचा स्पीकरवाला डबा) जमिनीवर, त्याचं तोंड स्वतःच्या पोटऱ्यांकडे. स्पीकरमधला ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीचा तीक्ष्ण आवाज, टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, त्यामुळे वर कानाशी सगळं बोथट लागतं. मग हा ट्रेबल वाढवतो, व्हॉल्यूम वाढवतो, आणि पहिल्या दोन रांगांच्या कानात ड्रिल मशीन. उपाय काय, तर एक खुर्ची. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा, मागे कलता करा, तोंड त्याच्या कानाकडे. फुकटात होणारं काम आहे हे, पण कुणी करेल तर शपथ!

गायकांनाही माफी नाही. ओठ जाळीपासून अडीच सेंटिमीटरवर असतात तेव्हा माइकला जेवढा आवाज मिळतो, त्याच्यापेक्षा 20 सेंटिमीटरवर तो सुमारे 18 डेसिबलने कमी मिळतो. अंतर तीनदा दुप्पट झालं, दर वेळी सहा गेले. मागच्या झांजा मात्र तेवढ्याच येत राहतात. म्हणजे गायक मागे सरकला की तो माइक झांजांचा माइक होतो. वर काही जण स्टाइल म्हणून जाळी मुठीत धरतात. जाळीच्या मागच्या बाजूने आत जाणाऱ्या वाटांमुळेच माइक मागचा आवाज टाळतो. त्या वाटा झाकल्या की तो चहूबाजूंनी ऐकतो, मॉनिटरही (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर) त्यात आला, आणि झाली शिट्टी सुरू. मॉनिटरची जागासुद्धा धड नसते. कार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरचं ऐकणारा) थेट पाठीमागे सर्वात बहिरा असतो, सुपरकार्डिऑइड (त्याहून अरुंद कोनात ऐकणारा) मागे दोन्ही बाजूंना तिरका, साधारण 125 अंशांवर. पहिल्या जातीचा शुअर एसएम 58 काढून दुसऱ्या जातीचा बीटा 58 लावता आणि मॉनिटर होता तिथेच ठेवता, मग बोंबलणारच ना तो!

उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी वाजण्याआधी आवाज वाढवायला असलेली जागा सुमारे 3 डेसिबलने घटते. तरी ज्याला एका गाण्यात ‘ऊऊ’ करायचंय त्याचा माइक रात्रभर उघडा. एवढ्याशा खोलीत ड्रमवर ओव्हरहेड (ड्रमच्या डोक्यावर टांगलेले माइक) कशाला लागतात? व्होकलवर 100 हर्ट्झखालचं कापायचं साधं बटण असतं, तेही दाबलेलं नसतं. कीबोर्डचा डावा हात बेसच्याच पट्टीत लोळतोय आणि 200 ते 400 हर्ट्झमध्ये नुसता चिखल.

साउंड चेकला वीस मिनिटं मिळतात. त्यातली बारा एकट्या किकच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) ‘धप, धप, धप’मध्ये जातात. सिंथवाल्याची घुंऽऽ करणारी केबल शोधण्यात पाच. (वाद्याची केबल मिक्सरला जोडणाऱ्या डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्ट नावाचा खटका असतो, तो आधी पाडून बघा हो!) उरलेल्या तीन मिनिटांत गायक ‘हॅलो, हॅलो, चेक’ म्हणतो आणि दारं उघडतात. ज्याच्यासाठी लोक आले तो सगळ्यात शेवटी! व्होकल आधी लावा, एकट्याचा, शिट्टीच्या अलीकडे जितका नेता येईल तितका न्या. मग एकेक वाद्य त्याच्याखाली आणा. जे वाद्य आल्यावर शब्द बुडतात ते कमी करा, मग ते कुणाचंही असो. आणि स्पीकर स्टँडवर चढवून डोक्यांच्या वर न्या. छातीच्या उंचीवर ठेवले की पहिल्या रांगेची अंगं ट्रेबल गिळतात आणि मागच्यांना नुसती गुणगुण पोचते.

100 डेसिबलला कानांसाठी सुरक्षित मानलेला वेळ 15 मिनिटांचा आहे. इथे तीन-तीन तास कानठळ्या बसवून घ्यायच्या, घरी जाताना कानात सूंऽऽ, आणि एवढं सोसूनही मुखड्याची दुसरी ओळ काय होती ते सांगता येत नाही.