मायोतमध्ये 'हजारो बळी' गेले का?

मायोत हा हिंदी महासागरातला, आफ्रिकेजवळचा फ्रान्सचा बेट-प्रदेश. 'चिडो चक्रीवादळात मायोत बेटावर हजारो माणसं गेली' असा मेसेज अजून फिरतोय. तो आकडा प्रत्यक्ष मोजणीचा नाही. १४ डिसेंबर २०२४ ला वादळ धडकलं, तेव्हा तिथल्या फ्रेंच प्रशासनप्रमुखांनी बळी शेकड्यांत, कदाचित हजारांत असतील, अशी भीती बोलून दाखवली होती. पुढे अधिकृत नोंद झाली ती चाळीसच्या आसपास मृत्यूंची. जखमी मात्र हजारो.

अंदाज एवढा चढा का गेला? डोंगरउतारांवरच्या पत्र्याच्या झोपड्या जमीनदोस्त झाल्या होत्या, रहिवाशांपैकी अनेकांकडे कागदपत्रं नव्हती आणि मुस्लिम रिवाजानुसार दफन लगोलग होतं. त्यामुळे काही मृत्यू नोंदीतून सुटले असतील, ही शंका रास्तच. पण शंका म्हणजे आकडा नव्हे.